‘घरी गोळ्या कुठं ठेवता?’ : दूरस्थ मार्गदर्शनातून उलगडलेलं एक प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात, एका तालुक्याच्या गावी आमचं एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीवरचं औषध देणारं केंद्र आहे. उपजिल्हा रुग्णालयाच्या मागच्या अंगाला तीन खोल्या. मी वैद्यकीय अधिकारी. सोबत काउन्सिलर मॅडम, सिस्टर, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन आणि डेटा मॅनेजर. दर गुरुवारी दुपारी अडीच वाजता ओपीडी आटोपली की काउन्सिलिंगच्या खोलीत आम्ही लॅपटॉप उघडतो. पलीकडे एका मोठ्या रुग्णालयातले तज्ज्ञ असतात आणि आमच्यासारखी आणखी बरीच सेंटरं. दोन प्रकरणं मांडली जातात, त्यांच्यावर चर्चा होते, शेवटी पंधरा मिनिटांचं छोटं व्याख्यान. तास-दीड तासात सगळं संपतं.

त्यातल्या एका गुरुवारचं हे प्रकरण. बाईंची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय २७. एचआयव्हीचं निदान होऊन पाच वर्षं झालेली. नवराही आमच्याकडेच औषध घेतो, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असतो. पहिली मुलगी निगेटिव्ह आहे. दोघांचे आजार दोघांनाच माहीत, घरात सासू आहे तिला काही सांगितलेलं नाही. बाई दर महिन्याला ठरल्या दिवशी येतात, हिरवं पुस्तक, म्हणजे त्यांच्याकडची उपचाराची वही, नीट जपलेलं असतं. आदल्या वर्षीचा व्हायरल लोड ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे रक्तात विषाणू मोजण्याइतकाही नाही. वार्षिक तपासणीची पाळी आली तेव्हा त्या २४ आठवड्यांच्या गरोदर होत्या. रिपोर्ट आला तो २,८४० कॉपीज. आपल्या कार्यक्रमात १,००० ची रेघ आहे. त्याच्या वर गेलं की विषाणू आटोक्यात नाही असं धरतात.

मी औषधांची मोजणी तपासली. दर महिन्याला उरलेल्या गोळ्यांचा हिशेब व्हाइट कार्डवर, म्हणजे सेंटरमधल्या रुग्णाच्या नोंदपत्रावर लिहिलेला असतो. ९५ टक्क्यांच्या वर, एकही महिना घसरलेला नाही. क्षयरोगाची लक्षणं नाहीत, सीडीफोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) ५१०. गोळ्या चुकत नाहीत आणि विषाणू वाढतोय, याचा माझ्या डोक्यात एकच अर्थ लागला. औषध निष्फळ ठरतंय. दिवस थोडे होते. आईच्या रक्तात विषाणू किती आहे यावर बाळाला लागण होण्याचा धोका बव्हंशी ठरतो, म्हणून तर गरोदरपणी ३२ ते ३६ आठवड्यांत व्हायरल लोड मुद्दाम पाहतात. तो १,००० च्या वर निघाला तर बाळ जास्त जोखमीचं धरलं जातं आणि जन्मापासून त्याला एकाऐवजी दोन औषधं द्यावी लागतात.

सत्रासाठीचा तक्ता मी भरला. नाव नाही, गाव नाही, नोंदणी क्रमांक नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात गोपनीयतेचं बंधन आहे, आणि कायदा नसता तरी पडद्यावर वीस अनोळखी चेहऱ्यांसमोर कुणाचं नाव घेणं बरोबर नाही. खाली ‘तुमचा प्रश्न’ असा रकाना असतो. तिथं मी लिहिलं : ‘दुसऱ्या फळीच्या औषधांसाठी राज्याच्या तज्ज्ञ समितीकडे पाठवावं का?’

आज तो तक्ता पुन्हा पाहतो तेव्हा कळतं, की मी प्रश्न विचारलाच नव्हता. उत्तर ठरवून फक्त शिक्का मागितला होता.

त्या गुरुवारी

या बैठकांचा एक शिरस्ता आहे आणि मला तो सगळ्यात मोलाचा वाटतो. प्रकरण मांडून झालं की तज्ज्ञ लगेच बोलत नाहीत. आधी इतर सेंटरांनी प्रश्न विचारायचे. सल्ला नाही द्यायचा, फक्त प्रश्न. सुरुवातीला मला यात वेळ वाया जातो असं वाटायचं. समोर एवढ्या अनुभवी मॅडम बसल्यात, त्यांनाच सांगू द्या ना.

त्या दिवशी पहिला प्रश्न एका डॉक्टरांनी विचारला, नवऱ्याचा व्हायरल लोड किती. बरोबर प्रश्न, पण नवऱ्याचा लोड ठीक होता. मग शेजारच्या जिल्ह्यातल्या एका सेंटरवरून एक सिस्टर बोलल्या. त्यांचा आवाज तुटत होता, दोनदा म्हणावं लागलं.

“सर, त्या लाल गोळ्या कधी घेतात?”

“कुठल्या?”

“रक्तवाढीच्या. आणि कॅल्शियमच्या.”

मी म्हटलं, घेत असतील, गरोदर बायका सगळ्याच घेतात. पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळतात.

“घेतात ते झालं, सर. कधी घेतात? टीएलडीच्या बरोबर?”

टीएलडी म्हणजे बाईंची एचआयव्हीची रोजची गोळी. मला माहीत नव्हतं. काउन्सिलर मॅडमकडे पाहिलं, त्यांनाही माहीत नव्हतं. व्हाइट कार्डवर ते लिहायला जागाच नाही.

आता तज्ज्ञ मॅडम बोलल्या. त्यांनी मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाल्या, “डॉक्टर, समितीकडे पाठवायची घाई आज नको करूया. बाईंना फोनवर विचारू नका, बोलावून घ्या. आणि तुम्ही विचारू नका, काउन्सिलरना विचारू दे. गोळ्या वेळेवर घेता का, असं विचारायचं नाही. त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. घरी गोळ्या कुठं ठेवता, तिथून सुरुवात करा.”

औषध पोटात जाऊनही रक्तात का जात नाही

टीएलडी म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिघांची एक गोळी. यातलं डोल्युटेग्राव्हिर हे जोरकस औषध. विषाणूचं एक विकर असतं, इंटिग्रेज. विषाणूचा जनुकीय मजकूर माणसाच्या पेशीत घुसवण्याचं काम ते करतं, आणि त्याच्या कामाच्या जागी मॅग्नेशियमचे दोन आयन बसलेले असतात. डोल्युटेग्राव्हिर त्या धातूलाच पकडतं आणि विकराचं काम थांबवतं. धातूला धरण्याची ही ओढ हीच त्याची ताकद. पण पोटात त्याला आधी लोह किंवा कॅल्शियम भेटलं, तर ते तिथंच त्यांना धरून बसतं, आतड्यातून रक्तात नीट शोषलं जात नाही. निरोगी माणसांवर केलेल्या अभ्यासात रिकाम्या पोटी कॅल्शियमबरोबर घेतल्यावर रक्तातलं डोल्युटेग्राव्हिर सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं, लोहाबरोबर सुमारे ५४ टक्क्यांनी. जेवणाबरोबर घेतल्यावर ही घट झाली नाही. म्हणून नियम असा आहे, की लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर डोल्युटेग्राव्हिर घ्यायचं. एकत्रच घ्यायचं असेल तर भरल्या पोटी.

ही ओळ मार्गदर्शक पुस्तकात आहे. मी ती वाचली होती. अडचण वेगळीच होती, आणि ती फक्त माझी नसावी असं मला वाटतं.

टीएलडीच्या आधी आमच्याकडे टीएलई होतं. त्यातल्या एफाव्हिरेन्झमुळे चक्कर यायची, विचित्र स्वप्नं पडायची, आणि चरबीयुक्त जेवणावर घेतलं तर त्रास वाढायचा. म्हणून आम्ही वर्षानुवर्षं एकच वाक्य सांगत आलो : रात्री झोपताना, जेवणानंतर दोन-तीन तासांनी, पोट हलकं असताना. एफाव्हिरेन्झला लोह-कॅल्शियमचं वावडं नव्हतं. औषध बदललं, डबीवरचं नाव बदललं, नवं औषध किती चांगलं आहे हे आम्ही सगळ्यांना सांगितलं. जुनं वाक्य मात्र तोंडात बसलेलं होतं ते तसंच राहिलं. ‘रात्री, रिकाम्या पोटी.’ नव्या औषधाला रिकाम्या पोटाची काही गरज नाही, आणि गरोदर बाईच्या बाबतीत तर तोच सल्ला घात करतो. प्रशिक्षणात नवी माहिती मिळते. जुनी सवय कुणी काढून घेत नाही, ती कुणीतरी समोर बसून दाखवून द्यावी लागते.

डबी वाजती

बाई सोमवारी आल्या. काउन्सिलर मॅडमनी दार लोटून घेतलं. मी बाहेरच होतो. पुढचं त्यांनी नंतर सांगितलेलं, बाईंच्या परवानगीनं.

“ताई, घरी गोळ्या कुठं ठेवता?”

बाई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “डबी वाजती, मॅडम.”

तीस गोळ्यांची प्लास्टिकची डबी. उचलली की खुळखुळ वाजते. सासूनं एकदा विचारलंही होतं, हे काय. तेव्हापासून बाई बसस्टँडवरच डबी रिकामी करायच्या. गोळ्या प्लास्टिकच्या एका तुकड्यात गुंडाळायच्या आणि पीएचसीतून मिळालेल्या रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांची जी कागदी पिशवी असते, तिच्यात टाकायच्या. डबी टाकून द्यायच्या.

“मग घेताना?”

“आत्याबाई देतात.”

सासूला आत्याबाई म्हणतात त्या घरात. सून पोटुशी आहे, पहिल्या वेळी तिच्या अंगात रक्त कमी होतं, म्हणून आत्याबाईंनी गोळ्यांचा ताबा स्वतःकडे घेतलेला. रोज रात्री जेवायला बसण्याआधी, तांब्याभर पाणी आणि तळहातावर तीन गोळ्या. एक लाल, एक कॅल्शियमची आणि एक ‘ताकदीची’. सून गिळेपर्यंत त्या समोर उभ्या राहायच्या. घरी असताना तीन महिन्यांत एकही रात्र चुकली नव्हती.

मोजणी ९५ टक्क्यांच्या वर का होती, ते असं कळलं. एवढी काटेकोरपणे औषध देणारी व्यक्ती आम्हाला शोधूनही सापडली नसती. आणि त्याच काटेकोरपणामुळे रोज रात्री तिन्ही गोळ्या रिकाम्या पोटी एकत्र जात होत्या.

काउन्सिलर मॅडम बाहेर आल्या तेव्हा मी दुसऱ्या फळीचा कागद अर्धा भरून ठेवला होता. तो तसाच फायलीत आहे.

वेळापत्रक

आता काय करायचं हे ठरवायला पुढच्या गुरुवारची वाट पाहायची नव्हती. सत्रातले तज्ज्ञ त्याच संध्याकाळी लेखी सूचना पाठवतात आणि अधेमधे फोनही घेतात. तज्ज्ञ मॅडमशी बोलून आम्ही दिवसाची मांडणी केली. टीएलडी सकाळी आठला, न्याहारीबरोबर. कॅल्शियम दुपारी आणि रात्री जेवणात. लाल गोळी मधल्या वेळात, कारण लोह आणि कॅल्शियमही एकमेकांच्या आड येतात. रात्रीच्या कॅल्शियमपासून सकाळच्या टीएलडीपर्यंत सहा तासांहून कितीतरी जास्त अंतर पडतं.

कागदावर हे सोपं दिसतं. आत्याबाईंना अक्षरओळख नाही. सिस्टरनी चित्रं काढायला घेतली. सकाळसाठी उगवता सूर्य, दुपारी-रात्री ताट, आणि लाल गोळीसाठी चहाचा कप, कारण पाच वाजता चहा होतोच. काउन्सिलर मॅडमनी तो कप खोडला. चहाबरोबर लोह नीट शोषलं जात नाही. मग काय काढायचं? बाईच म्हणाल्या, त्या वेळी आत्याबाई धारेला बसतात. सिस्टरनी कपाच्या जागी म्हैस काढली. शिंगं जरा मोठी आली, पण म्हैस ओळखू येत होती.

आत्याबाईंकडून गोळ्या काढून घ्यायच्या का, यावर आमच्यात थोडा वाद झाला. माझं मत होतं, बाईंनी स्वतः घ्याव्यात. काउन्सिलर मॅडम ठाम होत्या, की जी व्यक्ती मायेनं रोज उभी राहते तिला बाजूला करू नका, फक्त वेळ बदला. त्या बरोबर होत्या. डॉक्टरांनी वेळा बदलल्या एवढंच घरी सांगायचं ठरलं. गोळ्या डबीतच ठेवायच्या, कारण उघड्यावर ओल लागते, आणि वाजू नये म्हणून डबीत कापसाचा बोळा. ही युक्ती आमच्याच दुसऱ्या एका ताईंची.

३२ आठवड्यांना पुन्हा नमुना गेला. रिपोर्ट आला, ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. औषध तेच, फळी तीच.

हा निकाल निव्वळ वेळापत्रकामुळे, असं मी छातीठोक म्हणणार नाही. बाई मधे माहेरी गेल्या होत्या तेव्हा एखादी गोळी राहिली होती, हेही त्यांनी त्या सोमवारी सांगितलं. गरोदरपणात औषधाची रक्तातली पातळी थोडी बदलतेही. पण दुसऱ्या फळीवर गेल्या असत्या तर रोजच्या गोळ्या वाढल्या असत्या, लपवायच्या डब्या वाढल्या असत्या, आणि मूळ कारण तसंच राहिलं असतं.

ही पद्धत कुठून आली

थोडं मागचं सांगायला हवं. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा हे यकृताचे तज्ज्ञ. हेपेटायटिस सीचे रुग्ण त्यांच्याकडे अल्बुकर्कीला शेकडो मैलांवरून यायचे, भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. २००३ मध्ये त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणून खऱ्या रुग्णांवर चर्चा सुरू केली. या उपक्रमाचं नाव प्रोजेक्ट एको. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विद्यापीठाच्या दवाखान्यात बरे झालेल्यांचं प्रमाण ५७.५ टक्के, गावच्या दवाखान्यांत ५८.२ टक्के. म्हणजे तज्ज्ञाला गावात न नेता गावातल्याच डॉक्टरच्या हातून तेवढाच चांगला उपचार झाला. पुढे एचआयव्हीसाठी ही पद्धत अनेक देशांनी घेतली आणि आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनंही एआरटी सेंटरांच्या प्रशिक्षणात ती आणली.

आपल्याला तिची गरज का, हे आकड्यांशिवायही कळतं. १ एप्रिल २००४ ला देशात मोफत एआरटी सुरू झालं ते आठ सरकारी रुग्णालयांत, मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. तेव्हा तज्ज्ञ आणि औषध एकाच छताखाली होते. आता औषध तालुक्याला, लिंक सेंटरच्या रूपानं त्याच्याही खाली पोचलं आहे. अनुभव मात्र अजून मोठ्या शहरांतच साठलेला आहे. निवासी प्रशिक्षणाला आम्ही गेलो होतो, जाड फाइल घेऊन परत आलो. त्या फाइलला प्रश्न विचारता येत नाही, आणि फाइलही आपल्याला ‘कधी घेतात?’ असं उलटून विचारत नाही.

पण नुसता लॅपटॉप लावला म्हणजे हे घडत नाही. मी अशीही सत्रं पाहिली आहेत जिथं तासभर स्लाइड चालतात, निम्म्यांचे कॅमेरे बंद असतात, हजेरी लागली की माणसं उठतात. आपल्या चुका वरिष्ठांसमोर मांडायला कुणी धजत नाही, म्हणून सगळे यशस्वी रुग्ण मांडतात. आणि बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यासमोर एकटा डॉक्टर बसतो. त्या गुरुवारी आमच्या खोलीत मी एकटाच असतो तर ‘काउन्सिलरना विचारू दे’ हा निरोप मी माझ्या पद्धतीनं पोचवला असता आणि तो अर्धाच पोचला असता. त्यांनी तो स्वतःच्या कानांनी ऐकला. प्रश्न काढणाऱ्या तर सिस्टर होत्या, तज्ज्ञ नव्हत्या. त्यांच्या सेंटरला वर्षभरापूर्वी असंच झालं होतं, म्हणून त्यांना सुचलं. माझ्या मते या पद्धतीत पडद्यापलीकडच्या एका मोठ्या डॉक्टरइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, उपयोग पडद्यावरच्या इतर छोट्या चौकटींचा आहे.

तिच्या मर्यादाही त्याच वर्षी कळल्या. एक तरुण शुक्रवारी आला, आठवडाभराची डोकेदुखी, सीडीफोर १०० च्या खाली. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाल्याची शंका. पुढचा गुरुवार सहा दिवसांवर. तिथं सत्राची वाट पाहणं म्हणजे माणूस गमावणं. फोन केला, तज्ज्ञ मॅडम म्हणाल्या आत्ता पाठवा, आणि रुग्णवाहिकेत बसवला. पाठीच्या कण्यातून पाणी काढायला शिकायचं असेल तर शेजारी हात धरणारा माणूस लागतो. ते व्हिडिओवर होत नाही. आणि आमच्यातले बरेच जण कंत्राटी. डॉक्टर बदलून गेला की त्याच्याबरोबर शिकलेलं जातं. म्हणून मी काउन्सिलर आणि सिस्टरना बसवल्याशिवाय आता लॅपटॉप उघडत नाही.

बाईंच्या त्या प्रकरणानंतर आमच्या सिस्टरनी आमच्याकडच्या सगळ्या गरोदर आणि बाळंत बायकांना एकेक करून विचारलं. एकत्र गोळ्या घेणाऱ्या आणखीही निघाल्या. त्यांचे व्हायरल लोड ठीक होते, तरीही वेळा बदलून दिल्या. व्हाइट कार्डवर जागा नाही, म्हणून समासात पेन्सिलीनं लिहितो : ‘लो-कॅ वेळ?’ आमच्या भागातल्या पीएचसीच्या एएनएम ताईंनाही (आरोग्यसेविकांनाही) काउन्सिलर मॅडमनी, कुणाचं नाव न घेता, गोळ्या एकत्र न देण्याबद्दल सांगितलं. लोह आणि कॅल्शियम वेगळं द्यायचं हे त्यांना माहीत होतंच. एआरटीचं नवीन होतं.

बाईंची प्रसूती रुग्णालयात झाली. मुलगा. जन्मानंतर सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं सिरप दिलं. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पाठवले, रिपोर्ट निगेटिव्ह आला. सहाव्या महिन्यातलाही निगेटिव्ह. बाळ अंगावर पितंय, त्यामुळे वर्षाची तपासणी आणि १८ महिन्यांची शेवटची चाचणी व्हायची आहे, तोवर आम्ही कुणीही पेढे मागत नाही.

आत्याबाईंना अजून माहीत नाही. हा प्रश्न काउन्सिलर मॅडमनी स्वतः एका गुरुवारी मांडला, सांगायला कसं तयार करावं म्हणून. पलीकडून उत्तर आलं, की सांगायचं की नाही आणि कधी, हे त्या बाईंनी ठरवायचं. तुम्ही फक्त दार उघडं ठेवा.

बाळंतपणानंतरही सहा महिने लोह-कॅल्शियम चालतं, त्यामुळे चित्रांचा कागद भिंतीवरच होता. सहाव्या महिन्याच्या तपासणीला बाई आल्या तेव्हा तो हिरव्या पुस्तकात घडी घालून आणला होता. तेलाचे डाग पडले होते, म्हशीचं एक शिंग पुसलं गेलं होतं. जावेला दिवस गेलेत, तिच्या लाल गोळीसाठी आत्याबाईंनी तसाच दुसरा मागितला होता. सिस्टरनी नवा कागद घेतला. या खेपेला सूर्य काढला नाही.